थडग्यावरची सिगारेट

आम्हा सर्बियन लोकांत पितरांच्या शनिवारी मेलेल्या माणसाच्या आवडीचं सगळं त्याच्या थडग्यावर ठेवतात. मी माझ्या नवऱ्यासाठी, रादिसावसाठी, कॉफी ठेवली, आलुबुखाराची दारू शिंपडली. तेवढ्यात दिरानं सिगारेट पेटवून थडग्याच्या मातीत खोचली. मी ती उपटली आणि बुटाखाली चिरडली.

"वहिनी, डोकं फिरलं का तुमचं? मेलेल्या माणसाला आता काय कॅन्सर होणार आहे?"

थडग्याभोवती जमलेले सगळे खो खो हसले.

"हसा, भावजी, खुशाल हसा. फुप्फुसाच्या ऑपरेशनआधी तुमच्या भावानं रडत, मला शिव्या घालत सोडली होती ती. शेवटचे अकरा महिने एक झुरका घेतला नाही.


आता मेल्यावर त्याला कुणी पुन्हा सवय लावायची नाही!"