डोहातलं पान

धबधब्याच्या डोहात उतरण्याआधी प्रत्येकाच्या नावाने पान सोडायचं. तरंगलं तर खुशाल उतरा. जपानी सून सुमिएचं पान मात्र वीस वर्षं बुडत आलं. “डोहाच्या राखणदारणीला परकी चालत नाही,” सासू म्हणायची. घरचे डुंबायचे, ही काळ्या लाव्हाखडकावर टॉवेल सांभाळायची.

“चांगलं रुंद पान बघून मीच तोडतो, मीच सोडतो गं. पाणीच नाही म्हणतं, मी काय करू?” नवरा केओलू समजूत काढायचा. सुमिएचा सगळा राग सासूवर.

सासू गेल्यावर तिने स्वतःच पान तोडून सोडलं. मजेत तरंगलं. ती उतरली, तर पायाला खडे लागले. प्रत्येकाला दोरीची गाठ. एकात अजून पानाचा देठ.



केओलूच्या मासेमारीच्या जाळ्यांतल्या असल्याच गाठी ती वीस वर्षं सोडवत आली होती.