मरणबाईचा छाप

"माझं चित्र काढ. सुंदर झालं तर तुझ्या पोरीला सोडते," मरणबाई टोपीतला झेंडू नीट करत म्हणाली. मेक्सिकोत मृतांच्या सणाला नटलेले सांगाडे छापतात. त्यात एलिसेओचा हात धरणारा कुणी नव्हता.

त्याने लाकडात टोपी कोरली, झालर कोरली. पण नुसत्या कवटीला रूप आणायचं कुठून? त्याला ठाऊक असलेलं एकच रूप आत तापाने फणफणत होतं. त्याने तेच गाल कोरले, तीच खळी. शाई फिरवून कागद दाबला.

"अगंबाई, ही मी?" तिने ओला छाप तोंडावर टेकवला. बाजूला केला, तर हाडावर गाल उमटलेले. शब्दाची पक्की, लाजत, एकटीच निघून गेली.

एलिसेओ आत धावला. पोर उठून बसली होती, ताप उतरलेला, गालांच्या जागी कोरडं हाड.

"बाबा, भूक लागली," ती म्हणाली. त्याने आधी आरसा उतरवला.