नवरीचा रंग

लग्नाचे अल्बम बनवणाऱ्या प्रणिताने दुकानात लग्नाचा एकच फोटो दोन मॉनिटरवर लावून पाहिला. मोठ्यावर नवरीचा शालू नारिंगी दिसत होता, लहानावर खरा डाळिंबी.

"ताई, तेवढ्याच पैशांत मोठा मिळतोय," दुकानदार म्हणाला.

"माझं बजेट एवढंच आहे. आकार लहान चालेल, पण रंग खरा हवा," म्हणत तिने लहान मॉनिटर घेतला.

त्यावर पहिलाच अल्बम एका सावळ्या नवरीचा केला. हळदीच्या फोटोत तिचा चेहरा तांब्यासारखा तकाकत होता. प्रणिताने तो रंग मन लावून जपला.

अल्बम बघायला नवरी सासूबरोबर आली. "एवढी काळी कशाला दाखवलीत? जरा उजळ करा," असं सांगून सासू फोन घ्यायला बाहेर गेली.

"तुम्ही सुंदर दिसता यात. राहू द्या असंच," प्रणिता म्हणाली.

नवरीने पडद्यावरच्या स्वतःकडे डोळे भरून पाहिलं. "मला गोरी करा, ताई. घरी मलाच ऐकून घ्यावं लागतं."

प्रणिताने माउस हातात घेतला. चेहरा फिकट होत गेला. परत आलेली सासू मागे उभी राहून बघत होती.

"आता कशी आमच्या घरातली वाटते," ती समाधानाने म्हणाली.