विहिरीच्या गाळाची आरास

शिवकांतानं यंदा महालक्ष्म्यांपुढं लाडू-करंज्यांच्या राशी मांडल्या नाहीत, विहीर मांडली. गावच्या आटलेल्या विहिरीतलाच गाळ आणून तिनं काठ वळला, घागरी घेतलेल्या बाया केल्या आणि तळाशी वाटीनं पाणी भरणारी एक पोर बसवली. पलीकडं तेलाच्या डब्याचा टँकर. त्यावर नवऱ्याकडून ‘जिल्हा लातूर’ असं ठळक लिहून घेतलं होतं. टँकरचं तोंड गावाकडं नव्हतं, कोपऱ्यातल्या पुठ्ठ्याच्या सरकारी बंगल्याकडं होतं.

वैशाखात खरा टँकरही तसाच वळून गेला होता. म्हणून तर तिची लेक शिवगंगा दोराला धरून विहिरीत उतरली आणि वरून काठ ढासळला.

हळदीकुंकवाला आलेल्या बाया आराशीभोवती बसल्या. तेवढ्यात सरपंच अण्णाराव दारातूनच गरजले, “अक्का, घरात मरण झालंय अन् लक्ष्म्या उभ्या केल्या? वर्षाचं सुतक तरी पाळायचं!”

“आमी लिंगायत. आमच्यात सुतक न्हाई,” शिवकांता म्हणाली. तिनं ताट पुढं सरकवलं. “बसा, फराळ घ्या.”

सरपंचांना फराळाचं सुचत नव्हतं. “उद्या जिल्ह्याचे मोठे साहेब गावातल्या आराशी बघायला यायलेत. नवा जिल्हा झाला, आता कुठं गावाचं नाव निघायलंय. पोर असू द्या. टँकर तेवढा उचला.”

“टँकर उचलला तर पोर कशापायी उतरली, ते कसं कळंल?”

अण्णाराव स्वतःच उचलायला वाकले. तशी बायांतून त्यांची बायको सिंधू उठली आणि मधेच येऊन बसली. तिची नजर काठावरच्या एका बाईवर खिळली होती. त्या बाईजवळ घागर नव्हती. पाय रोवून, दोन्ही मुठींत सुतळी आवळून ती मागं रेललेली होती.

“ही कोण वो अक्का?”

“तुमीच की. काठ खचला तशा समद्या मागं सरल्या. तुमी दोर सोडला न्हाई.”

सिंधूनं पदराखालचे हात बाहेर काढले. तळव्यांवरचे दोराचे वण अजून गेले नव्हते. इतके दिवस तिला त्या हातांची लाजच वाटायची, पोर वर आली नाही म्हणून. आज तिनं ते नवऱ्यासमोर उघडे धरले.

“साहेबाला हितंच आणा,” ती म्हणाली. “ह्यातली मी कोणती, ते मी दावते.”