अप्पांचं हसू

भिंतीवरच्या अप्पांनी चहाच्या वेळी तोंड उघडलं आणि वृंदाला शिसारी आली. जाऊन तीन वर्षं झाली तरी तिचे वडील, अप्पा, रोज या वेळी भिंतीवरच्या पडद्यावर येऊन हसायचे. पण आज त्यांचे दात जाहिरातीतल्यासारखे पांढरेफटक होते.

“समोरच्या दामल्यांची गेलेली सासूही सकाळपासून अशीच दात काढतेय,” आई म्हणाली. “बंद कर त्या मेल्याला! हे माझे नव्हेत.”

वृंदाने घाईने कंपनीची सामाईक लायब्ररी उघडली. घरोघरच्या भिंतींवरची गेलेली माणसं तिथूनच हसू उचलायची, आणि ती लायब्ररी साफ ठेवणं हेच वृंदाचं काम होतं. अप्पांचं तंबाखूने पिवळं पडलेलं हसू तिनेच तिथे ठेवलं होतं. आता ते नव्हतं; त्या जागी कंपनीचं सगळ्यांना लागणारं ठरावीक पांढरं हसू होतं.

काल रात्री हसण्याचे दोनशे जुने नमुने भराभर उडवताना एकापाशी तिचं बोट थांबलं होतं. चेहरा नव्हता, नुसते ओठ आणि पिवळे, किडके दात. “ई!” म्हणून तिने तेही पुसलं होतं.

“कोणी पुसलं गं त्यांचं हसू? आणि का?” आईने विचारलं.

पुसल्याच्या नोंदीत, कारणाच्या रकान्यात, वृंदाने काल स्वतःच लिहिलेला एकच शब्द होता: घाणेरडं.