भिंतीवर दोनदा

टकटक. नवऱ्याने पलंगाशेजारच्या भिंतीवर बोटाने दोनदाच वाजवलं, आणि पलीकडच्या घरात खडखडणारं शिलाई मशीन त्याच क्षणी थांबलं.

बायको चहाचं गाळणं हातात धरून दाराआड उभी होती. आज सलग पाचवा दिवस. नवरा भिंतीला कान लावून थोडा वेळ थांबला, मग मान खाली घालून टॉवेल शोधायला लागला. जसं काही झालंच नाही.

सात वर्षं परदेशात एसी दुरुस्त करून हा माणूस महिन्यापूर्वी घरी आला. सात वर्षं तिने एकटीने घर ओढलं, कुणाकडे मान वर करून पाहिलं नाही. आणि हे महाराज आल्या आल्या भिंतीशी सूत जुळवून मोकळे! पलीकडे राहते ती ब्लाऊज शिवणारी. एकटी, हसरी. तोंडावर ‘वहिनी, वहिनी’ करते आणि भिंतीतून दादांना उत्तरं देते.

तो आंघोळीला गेला. तिने गॅस बंद केला, पायात चपला सरकवल्या. आज काय तो सोक्षमोक्ष लावायचाच.

शिवणवालीने दार उघडलं. गळ्यात टेप, हातात अर्धा शिवलेला गणवेश. बायको तोंड उघडणार, तेवढ्यात तीच म्हणाली, “वहिनी, चुकलंच माझं. फार आवाज होतो ना? शाळा उघडायच्या आत पन्नास गणवेश द्यायचेत, म्हणून सकाळी लवकर बसते. पण दादांनी भिंतीवर वाजवलं की लगेच बंद करते हं मी.”

“म्हणून बंद करतेस?”

“मग? सगळंच तोंडाने सांगायला लागतं का माणसाला?”

झोप घालवून पाठ केलेली बायकोची सगळी वाक्यं वाया गेली. तिला लाज वाटली. घरी परतायला चारच पावलं चालायची होती, पण तेवढ्यात संशयाने पुन्हा डोकं वर काढलं. मशीन बंदच करायचं असेल, तर ते बंद झाल्यावर माणूस कान लावून कशाला उभा राहील?

नवरा पलंगावर बसून केस पुसत होता.

“अहो, भिंतीवर कशाला वाजवता रोज? आणि खरं सांगा.”

तो चपापला. “ऐकू येतं तुला?”

“आंधळी नाही मी आणि बहिरीही नाही.”

“तिकडची सवय गं,” तो म्हणाला. “खोल्यांच्या मध्ये नुसती एक फळी होती. पलीकडे एक वेल्डर राहायचा. त्याची भाषा मला येत नव्हती, माझी त्याला. सकाळी उठलं की मी दोनदा वाजवायचो. तो एकदा वाजवायचा. म्हणजे उठलोय, बरा आहे. बाकी बोलणं काही नाही.”

“मग?”

“एक दिवस नाही वाजवलं त्याने.” तो टॉवेलची घडी घालायला लागला. “खाली कंपनीची गाडी हॉर्न मारत होती. म्हटलं, झोपला असेल. गेलो कामावर. संध्याकाळी आलो, तर त्याच्या दारात गर्दी.”

घडी नीट बसली नाही. त्याने ती मोडून पुन्हा घातली.

“आता जाग आली की हात आपोआप भिंतीवर जातो. आणि इथे तर काय, मी वाजवलं की असलेला आवाजसुद्धा बंद पडतो.” तो हसायला गेला, पण ते काही त्याला जमलं नाही.

बायकोने गॅस पेटवला, चहा त्याच्यापुढे ठेवला आणि पुन्हा चपला घातल्या.

“आता कुठे?”

“आलेच.”

शिवणवालीने पुन्हा दार उघडलं, तेव्हा ती बिचारी घाबरलीच.

“हे बघ,” बायको म्हणाली, “उद्यापासून भिंतीवर कितीही वाजलं तरी मशीन थांबवायचं नाही. उलट जोरात चालव. ऑर्डर वेळेवर जायला नको का?”

दुसऱ्या दिवशी सकाळी नवऱ्याने दोनदा वाजवलं. पलीकडे खडखड चालूच राहिली. त्याने कान लावला. मग कान काढून तळहात लावला.

“अहो, चहा निवतोय,” बायकोने आतून हाक मारली.

“थांब गं,” तो म्हणाला. “अजून चालू आहे.”