दहाचा पाना

बाबांच्या जुन्या गाडीचा डॅशबोर्ड उन्हाने तडकला होता, म्हणून आम्ही बापलेक तो उतरवायला बसलो. "बावीस वर्षांपूर्वी मी एकट्याने बसवलाय हा. त्यानंतर कुणाच्या बापाला हात लावू दिलेला नाही," बाबांनी सकाळपासून तिसऱ्यांदा ऐकवलं.

तो बसवला त्याच दिवशी त्यांचा दहा नंबरचा पाना गायब झाला होता. तो मामानेच ढापला असं ठरवून बाबांनी त्याच्याशी बोलणं टाकलं, ते टाकलंच. माझ्या लग्नातही दोघं एकमेकांकडे पाठ करून जेवले.

शेवटचा स्क्रू निघाला. मी वरचा मऊ पॅड उचलला, तसं वायरींच्या गुंत्यातून काहीतरी खणकन खाली पडलं.

दहाचा पाना. दांड्यावर बाबांनी स्वतः कानशीने कोरलेली आद्याक्षरं.

"झालं समाधान?" आई दारातूनच कडाडली. "लावा आता माझ्या भावाला फोन!"

बाबांनी पाना उलटसुलट करून पाहिला, शर्टाला पुसला आणि खरंच फोन लावला.



"काय रे, चोर तो चोर वर शिरजोर! लपवायला माझीच गाडी सापडली होय तुला?"